वेळापत्रकातले शेवटचे तास

कोणत्याही माध्यमिक शाळेत गेलो की मी आधी मुख्याध्यापकांच्या खोलीतले वेळापत्रक पाहतो. जुनी सवय आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यातली जवळजवळ वीस वर्षे शाळेचे वेळापत्रक बसवण्याचे काम माझ्याच गळ्यात होते. शाळेला कशाची किंमत आहे हे समजून घ्यायला अहवाल वाचावा लागत नाही. चित्रकला, शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कुठे असलाच तर संगीत, हे तास कुठे टाकले आहेत तेवढे पाहावे. बहुधा ते मधल्या सुट्टीनंतर, सातव्या-आठव्या तासाला असतात. सकाळचे ताजे तास गणित, विज्ञान आणि इंग्रजीने आधीच अडवलेले असतात. मार्चच्या उन्हात दुपारी अडीच वाजता पी.टी.चा तास लावणाऱ्या शाळेला मुलांनी पळावे असे मनापासून वाटत नाही, हे उघडच आहे.

बरे, हेही झाले कागदावरचे. दिवाळीची सुट्टी संपली की वरच्या वर्गांचे हे तास हात बदलू लागतात. गणिताचे सर चित्रकलेच्या सरांना चहा पाजतात आणि म्हणतात, ‘तुमचा आजचा तास मला द्या, दोन प्रमेयं राहिलीत.’ चित्रकलेचे सर देतात. नाही म्हणायची सोय नसते. माझ्या सबंध नोकरीत गणिताचा तास चित्रकलेला दिल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही.

या गोष्टींना आपण नावे तरी किती दिली! आधी ‘अभ्यासेतर’ म्हणालो. त्यातला ‘इतर’ बरा दिसेना म्हणून ‘अभ्यासपूरक’ आणि ‘सहशालेय’ हे शब्द आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासक्रमातले, अभ्यासक्रमाच्या जोडीचे आणि अभ्यासक्रमाबाहेरचे असा ठाम भेदच ठेवू नये, असे सांगितले आहे. वाक्य चांगले आहे. पण ते वाक्य लिहिले गेल्यानंतरही सातव्या तासाची चित्रकला पहिल्या तासाला आलेली मी अजून कुठल्या शाळेत पाहिलेली नाही.

महाराष्ट्राला हा विचार बाहेरून कुणी आणून देण्याची गरज नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि एका पंगतीला बसत. त्या काळात ती पंगत हाच एक मोठा धडा होता आणि तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींकडे छात्रालयाचे काम आले तेव्हा त्यांनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले. साप्ताहिक किंवा मासिक नव्हे, दैनिक! रोज उठून हाताने लिहायचे. ज्याने वर्षाकाठी एक हस्तलिखित काढले आहे त्यालाच या उद्योगातली जिद्द कळेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडकडे पाहिले की मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. गाणी, गोष्टी, खेळ आणि मातीकाम यांच्या वाटेने त्या अक्षरांपर्यंत गेल्या.

हे दाखले शिक्षकदिनाच्या भाषणांत इतके झिजले आहेत की ते पुन्हा देताना संकोच वाटतो. तरी देतो, कारण या सगळ्यांच्या समोर बसलेली बहुतेक मुले गरिबांची होती. आज सहशालेय उपक्रम म्हटले की घोडेस्वारी, रोबोटिक्सची प्रयोगशाळा आणि पोहण्याचा तलाव असलेली शहरातली महागडी शाळा डोळ्यांपुढे येते. ज्यांच्या घरी काहीच नव्हते त्यांच्यासाठी सुरू झालेली गोष्ट ज्यांच्या घरी सगळे आहे त्यांच्याकडे कधी गेली, हे आपल्या लक्षातही आले नाही.

माझा स्वतःचा अनुभव मुख्यतः हस्तलिखिताचा. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांनी ते पाहिलेलेही नाही. ऑगस्टमध्ये फळ्यावर सूचना लागायची. आठवी-नववीच्या सात-आठ मुलामुलींचे संपादक मंडळ असे. लेख, कविता, कोडी, आजीने सांगितलेल्या ओव्या, गावातल्या बारवेची माहिती, जे येईल ते घ्यायचे आणि दिवाळीपर्यंत निवड करायची. निवड म्हणजे भांडण. वर्गमित्राची कविता नाकारायची आणि ती का नाकारली हे त्याला तोंडावर सांगायचे, हे तेराव्या वर्षी सोपे नसते. एकदा एकाने मोठ्या कवीची कविता आपल्या नावावर दिली. ती मंडळातल्या मुलीने ओळखली. मी काही बोलण्याआधीच मंडळाने ती परत केली आणि ‘तुझी असेल ती आण’ असे सांगितले. त्याने आठ दिवसांनी स्वतःची आणली. अगदीच सामान्य होती, पण घेतली.

मग नकल करण्याचे काम. फुलस्केप जाड कागद, पेन्सिलीने आखलेला समास, कापलेल्या निबची लेखणी आणि काळी शाई. एका पानावर दोन चुका झाल्या की पान पुन्हा लिहायचे. सुवाच्य अक्षराची मुले शाळेत एरवी मागच्या बाकावर असली तरी या दोन महिन्यांत त्यांना मान असे. शेवटी चित्रे, अनुक्रमणिका, मुखपृष्ठ आणि बांधणी. बांधणीला खळ, जाड दोरा आणि दाब द्यायला विटा. बांधणी करणारा एक मुलगा मला विशेष आठवतो. गणितात शंभरपैकी अकरा. पण पुठ्ठा कापताना त्याचा हात रेघभर हलत नसे आणि सलग तीन वर्षे त्याच्याशिवाय अंक बांधला गेला नाही. पहिल्या नंबरातली मुले त्याच्याभोवती उभी राहून, ‘कधी होईल रे?’ म्हणून विचारत. तो पुढे फार मोठा झाला, असे मी सांगणार नाही. गावातच रिक्षा चालवतो, बरे चालले आहे. अशा मुलांना नंतर मोठे यश मिळाल्याचे सांगितल्याशिवाय उपक्रमाचे समर्थन होतच नाही, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. त्या तीन हिवाळ्यांत त्याच्यावाचून काहीतरी अडत होते, एवढे मला पुरते.

सव्वीस जानेवारीला प्रकाशन होई. प्रत एकच. त्यामुळे प्रत्येक वर्गाला दोन-दोन दिवस वाचायला मिळे आणि मुले ते पाळीने, हात पुसून वाचत.

आमच्या भागात दसऱ्यानंतर बाके रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहांची योजना आली, काही मुले त्यामुळे गावी राहू लागली. तरी सगळी नाही. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने निघायच्या आदल्या दिवशी माझ्या हातात दीड पान दिले. फडाजवळ कोपी कशी उभी करतात आणि तिच्यात काय काय न्यावे लागते, ते तिने लिहिले होते. बांबू किती, पाचट किती, पत्र्याची पेटी, तवा, धाकट्या भावासाठी झोळीचे लुगडे, आईचे दोन कोयते. संपादक मंडळात वाद झाला. एकाचे म्हणणे, हा लेख नाही, यादी आहे. दुसरी हट्टालाच पेटली की यादी असली तरी अशी यादी आपल्यापैकी कुणाला करता येणार आहे? शेवटी घेतली.

एप्रिलमध्ये ती परत आली, कपाटातला अंक काढून तिने उभ्या-उभ्याच आपले पान वाचले आणि तिचा चेहरा उतरला. नकल करणाऱ्या मुलाने ‘कोपी’ हा शब्द चुकीचा समजून सगळीकडे ‘झोपडी’ केले होते. ‘झोपडी येगळी असती सर,’ ती म्हणाली. मग तिने आणि त्या मुलाने मिळून चिठ्ठ्या चिकटवून सातही ठिकाणचा शब्द बदलला. मी मराठीचा शिक्षक. एका शब्दासाठी इतके कासावीस झालेले मूल मला वर्गात, धडा शिकवताना क्वचितच भेटले. नववीच्या पटावर तिचे नाव होते. ती मात्र आली नाही. तेव्हा हस्तलिखिताने तिला शाळेत टिकवले असा दावा मी करत नाही. उचल, मुकादम आणि लवकर उरकली जाणारी लग्ने यांच्यापुढे एका अंकाचे बळ ते किती?

स्नेहसंमेलनाबद्दल मात्र माझे मत थोडे कडवट आहे. पूर्वी गॅदरिंगची नाटुकली शिक्षकच लिहीत, पडदा म्हणजे कुणाच्या तरी घरच्या चादरी आणि राजाची दाढी कापसाची. आता अनेक शाळांत नृत्यदिग्दर्शक बाहेरून येतो, पंधरा दिवसांत आठ गाणी बसवतो, पोशाख भाड्याने येतात आणि त्यासाठी प्रत्येक मुलाकडून पैसे गोळा होतात. ज्याला ते देणे जमत नाही तो ‘मला आवडत नाही’ म्हणून बाजूला होतो. मुले कारण असेच सांगतात, ते खरे धरू नये. शिवाय सगळे तयारच मिळाल्यावर मुलांनी करायचे काय उरते? पडदा कोण ओढणार, माइक कोण तपासणार, ऐनवेळी ताप आलेल्या सेनापतीच्या जागी कोण उभे राहणार, या अडचणींतच तर खरी शाळा भरत असे.

पण जुने तेवढे सोने म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. जुन्या गॅदरिंगमध्ये स्वागतगीताला दरवर्षी त्याच चार घरांतल्या मुली असत. सूत्रसंचालन डॉक्टरांच्या नाही तर सावकाराच्या मुलाकडे जाई. मुलींनी रांगोळी काढायची आणि पाहुण्यांना चहा द्यायचा, ढोल मुलांनी वाजवायचा, ही वाटणी कुणी ठरवलेली नव्हती आणि कुणी मोडतही नव्हते. कोणता उपक्रम घेतला यापेक्षा त्यात कुणाला घेतले, हा प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा होता आणि आजही आहे.

खेळाचेही तेच. शालेय क्रिकेट म्हटले की १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अभंग भागीदारी सर्वांना आठवते. मला त्यांच्यापेक्षा पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज जास्त आठवतो. तो अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. त्याच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, म्हणून निदान आता लोक त्याच्या त्या बसून राहण्याबद्दल बोलतात. पण झेवियर्सच्या ज्या मुलांनी एवढा वेळ क्षेत्ररक्षण केले त्यांचे काय? आणि ज्यांना कुठल्याच संघात घेतले नाही, त्या शाळाशाळांतल्या हजारो मुलांचे? शालेय खेळ म्हणजे निवड चाचणी असे आपण धरून चाललो आहोत.

म्हणून मला खो-खो प्रिय. दोन खांब आणि फक्की टाकलेले मैदान झाले की नऊ जण एकदम खेळतात. आठ बसलेले, एक धावणारा, आणि बसलेल्याला खो कधी मिळेल सांगता येत नाही म्हणून तोही सावध. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आमच्या केज तालुक्यातली. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला होता. आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे लहानपणी रोज सहा किलोमीटरवरच्या शाळेत जात असे. स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, पण धावपटू म्हणून त्याची घडण सैन्यात भरती झाल्यावर झाली. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या भागातल्या माध्यमिक शाळांत क्रीडाशिक्षकाची पदे किती भरलेली आहेत, हे एकदा जिल्हानिहाय जाहीर व्हायला हवे.

आता गुणांचा प्रश्न. हा मला नेहमी अडचणीत टाकतो. उपक्रमाला गुण नसले तर त्याचा तास दुसरा विषय खाऊन टाकतो, आणि गुण दिले तर उपक्रमच सडतो. कार्यानुभवाला श्रेणी आली आणि सगळ्यांना ‘अ’ मिळू लागला. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, मुलाचे वर्तन आणि आवड यांच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या ठरल्या. कल्पना उत्तम. वर्षभरात बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या. ‘सुंदर चित्र काढतो’, ‘इतरांना मदत करतो’, रोल नंबरप्रमाणे उतरवून काढायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा कला संचालनालय फार जुन्या काळापासून घेते आणि त्यांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांचा हात घडवला आहे. दहावीला सवलतीचे गुण जोडले गेल्यापासून मात्र ज्यांना चित्राशी काही देणेघेणे नाही असे पालकही चौकशीला येऊ लागले. ‘किती गुण वाढतात, सर?’ हा पहिला प्रश्न. कोणत्या रंगाची पेटी आणू, असे विचारणारा क्वचित. अलीकडे ‘आनंददायी शनिवार’ आला आहे, धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन काम शिकावे, ही कल्पना मला मनापासून आवडली. फक्त त्याचे फोटो काढून वर पाठवण्यात अर्धा शनिवार जातो, असे शिक्षक सांगतात आणि ते खोटे बोलत नसावेत.

माझे मत विचाराल तर गुण देऊ नयेत, तास द्यावा आणि माणूस द्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरावर पट असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. अंशकालीन! गणिताला अंशकालीन माणूस चालेल असे कुणी म्हणेल का? आणि पट शंभराच्या आत असेल तर तेवढेही नाही. वाड्या-तांड्यांवरच्या शाळांचा पट किती असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. २०१५ मध्ये संचमान्यतेचे नवे निकष आले तेव्हा कला आणि क्रीडा शिक्षक रस्त्यावर उतरले होते. वर्तमानपत्रांत ती पगाराची लढाई म्हणून छापून आली. मुलांच्या बाजूने कुणी फारसे बोलले नाही, कारण चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यावर निकालाचा टक्का कमी होत नाही.

पालकांना दोष देणे सोपे आहे. मी देत नाही. एका हमाली करणाऱ्या बापाने मला विचारले होते, ‘सर, नाचून-गाऊन पोट भरतंय का?’ मुलाला नाटकातून काढा म्हणून तो आला होता. त्याच्याकडे एकच मुलगा आणि एकच डाव. शेजारी लातूरला शिकवण्यांचे केवढे मोठे गाव वसले आहे आणि आता आठवीपासूनच ‘फाउंडेशन’ची बॅच असते, हे त्याच्या कानावर होते. त्याला मी व्यक्तिमत्त्व विकासाचे व्याख्यान दिले नाही. ‘याने गुण वाढतील’ असेही सांगितले नाही, कारण ते मला माहीत नव्हते. एवढेच म्हणालो की तालमीला येऊन एकदा बघा. तो आला, मागे उभा राहिला. मुलाचे काम सहा वाक्यांचे होते. बाहेर पडताना म्हणाला, ‘घरी एवढं मोठ्यानं बोलत नाही हा.’ काढायचे की ठेवायचे यावर पुन्हा बोलणे झाले नाही. मुलगा राहिला.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत गेल्या वर्षी चित्रकलेच्या खोलीत स्पर्धा परीक्षांचा वर्ग सुरू झाला. चित्रफलक जिन्याखाली रचून ठेवले आहेत. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याला विचारले तर म्हणाले, खोली रिकामीच पडली होती. खरेच आहे. शिकवणाराच नेमला नाही तर खोली रिकामीच राहणार.

मी निवृत्त झालो त्या शाळेतही चित्रकलेचे पद रिकामे आहे. हस्तलिखित मध्ये तीन वर्षे बंद पडले होते. ते आता विज्ञान शिकवणाऱ्या एका तरुण बाईंनी पुन्हा सुरू केले आहे. शाळा सुटल्यावर, स्वतःच्या वेळात, कुठलाही तास न मिळता. यंदाचा विषय ‘आमची विहीर’ आहे. मागच्या आठवड्यात त्या घरी येऊन जुने अंक चाळून गेल्या. खळ कशी शिजवायची ते विचारले, आणि मोरचूद घातला नाही तर वाळवी लागते हे वहीत लिहून घेतले. मुखपृष्ठाला लागणारा जाड कागद गावात मिळत नाही, तो बीडहून आणावा लागतो. सोमवारी मी जाणार आहे, येताना घेऊन येईन असे सांगितले आहे.